अभ्यासक्रम कोणी ठरवावा?



जून महिना उजाडला, म्हणजे मुरबाड तालुक्यातील शिवळे येथील महाविद्यालयात काय, किंवा शहापूरच्या सोनुभाऊ बसवंत महाविद्यालयात काय, मुंबईहून पत्रके येऊ लागतात. अमुक विषयाची दुसरी प्रश्नपत्रिका बदलली आहे, तमुक पुस्तक गाळले आहे, गुणांची विभागणी यापुढे निराळी राहील, असा त्यांतील मजकूर असतो. पूर्वी ही पत्रके टपालाने येत, आता ती संगणकावर येतात, एवढाच काय तो फरक. प्राध्यापक ती वाचतात, मागील वर्षाची टिपणे बाजूस ठेवतात आणि नव्या टिपणांच्या तयारीस लागतात. डोळखांबहून, किन्हवलीहून किंवा धसईहून एस. टी.ने येणारा विद्यार्थी विचारतो, “हे कोणी ठरविले?” त्याला उत्तर मिळते, “विद्यापीठाने.”

हे उत्तर खोटे नाही. पण ते फार अपुरे आहे. विद्यापीठ म्हणजे कोणी एक व्यक्ती नव्हे. तेथे एका मेजाभोवती काही माणसे बसतात, बोलतात, मत देतात, आणि पुष्कळदा मत न देताच उठतात. त्या मेजाभोवती कोण बसावे, त्यांस कोणी निवडावे आणि त्यांनी ठरविलेले कोणास मोडता यावे, हा प्रश्न आपल्या इलाख्यात पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ चाललेला आहे. आणि विशेष हे की, या प्रश्नाचा पहिला मोठा झगडा जेव्हा झाला, तेव्हा त्या मेजाशी बसलेल्यांत एक गृहस्थ मुरबाडचे होते. आजचे माझे बोलणे मुख्यतः त्या झगड्याविषयी आणि त्याच्या परिणामांविषयी आहे.

हे गृहस्थ म्हणजे जगन्नाथ शंकरशेट मुरकुटे. मुंबईकर त्यांस नाना शंकरशेट म्हणून ओळखतात. १८०३ साली जन्मलेल्या नानांचे जन्मगाव म्हणून चरित्रकार मुरबाडचे नाव देतात. पेढीचा व्यापार घरचा. वडील १८२२ साली वारले तेव्हा नाना अवघे एकोणीस वर्षांचे होते. पुढे त्यांनी सार्वजनिक कामात जो पैसा व जो वेळ घातला, त्याची मोजदाद येथे करण्याचे कारण नाही. आगगाडी, रुग्णालय, ग्रंथालय, बॉम्बे असोसिएशन, मुलींची शाळा, जेथे जेथे मुंबईत काही नवे उभे राहिले, तेथे तेथे त्यांचे नाव आढळते. आपल्याला आज पाहावयाचे आहे ते त्यांचे एकच काम, आणि तेही ज्यात त्यांची बाजू पडली असे.

१८४० साली मुंबई सरकारने शिक्षणखात्याचा कारभार पाहण्यासाठी एक ‘बोर्ड ऑफ एज्युकेशन’ स्थापन केले. सात सभासदांचे हे मंडळ होते. अध्यक्षासह चौघे सरकारने नेमावयाचे आणि तिघे हिंदी सभासद नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीने द्यावयाचे, अशी त्याची घडण होती. हे तिघे म्हणजे जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा. एक हिंदू, एक पारशी, एक मुसलमान. सरकारला वाटले असेल की तिघांची तीन मते होतील. तसे झाले नाही.

विद्यापीठ तेव्हा निघावयाचे होते. परंतु शाळा-महाविद्यालयांतून काय शिकवावे, कोणत्या भाषेतून शिकवावे, कोणती पुस्तके लावावी, हे सारे हेच मंडळ ठरवी. आज ज्यास आपण विद्या परिषद व अभ्यास मंडळ म्हणतो, त्यांचे पूर्वज शोधावयाचे झाल्यास येथेच यावे लागते.

१८४३ साली सर अर्स्किन पेरी मंडळाचे अध्यक्ष झाले. हे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश, पुढे मुख्य न्यायाधीश. विद्वान, कामसू आणि आपल्या मतावर ठाम असे हे गृहस्थ होते. सरकारजवळ पैसा थोडा आहे; तो सर्वांवर शिंपडला तर कोणाचीच तहान भागणार नाही; म्हणून वरच्या वर्गांतील थोड्यांस इंग्रजीतून उत्तम शिक्षण द्यावे, म्हणजे त्यांच्याकडून ते खाली झिरपेल, असा त्यांचा विचार. वरून खाली झिरपण्याचा हा सिद्धांत त्या काळी पुष्कळांस मान्य होता. मराठी-गुजराथीत उच्च शिक्षणास योग्य ग्रंथ नाहीत आणि लोकांस स्वतःसच इंग्रजी हवी आहे, ही त्यांची आणखी दोन कारणे.

दुसरी बाजू मांडली ती कर्नल जॉर्ज जर्व्हिस या दुसऱ्या इंग्रजाने. हा इंजिनियर. १८२३ साली मुंबईत जी इंजिनियरिंगची शाळा निघाली, तिचा हा प्रमुख, आणि तेथील शिक्षण मराठी व गुजराथीतून चाले. गणितावरील ग्रंथ त्याने शास्त्र्यांच्या साहाय्याने मराठीत आणविले होते. जमिनीची मोजणी व बांधकाम करणारे तरुण त्या शाळेतून देशी भाषेत तयार होऊन बाहेर पडत. तेव्हा मराठीतून शास्त्र शिकविता येत नाही, हे विधान जर्व्हिसच्या दृष्टीने वादाचे नव्हतेच. त्याने ते करून पाहिले होते! याच सुमारास बाळशास्त्री जांभेकरांनी मराठीत पाठ्यपुस्तके लिहिली होती, दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ साली छापून निघाले होते, आणि मोल्सवर्थचा कोश त्याच्याही आधीचा. ग्रंथ नाहीत हे म्हणणे सर्वस्वी खरे नव्हते. ग्रंथ थोडे आहेत, एवढेच खरे होते. जे थोडे आहे ते वाढवावयाचे की टाकावयाचे, हा खरा वाद.

१८४७ साली हा वाद मंडळात उघड्यावर आला आणि सभासदांनी आपापली मते लेखी मांडली. नानांचे टिपण या लेखांत प्रमुख आहे. त्यांना इंग्रजीचे वैर मुळीच नव्हते. घरी शिक्षक ठेवून ते इंग्रजी शिकले होते आणि इंग्रजी शिक्षणाच्या संस्थांस त्यांनी सढळ हाताने साह्य केले होते. त्यांचे म्हणणे एवढेच की, उपयुक्त ज्ञान लोकांत पसरावे असा हेतू असेल, तर ते लोकांच्या भाषेतूनच पसरेल. परभाषा ज्ञानाचा दरवाजा म्हणून ठेवली तर त्या दरवाज्यातून आत जाणारे थोडेच राहतील, आणि बाहेरच्या लोकांस आत काय चालले आहे तेही कळणार नाही. इंग्रजी शिकवावी, पण भाषा म्हणून शिकवावी. या मताशी फ्रामजी कावसजी व मकबा हे दोघेही सहमत झाले. मराठी ही काही त्या दोघांची घरची भाषा नव्हे. तरीही त्यांनी देशी भाषांची बाजू घेतली, ही गोष्ट मला नानांच्या टिपणाइतकीच महत्त्वाची वाटते.

आता मतांची मोजणी पाहा. एका बाजूस पेरीसाहेब व दोन युरोपीय सभासद, म्हणजे तीन. दुसऱ्या बाजूस जर्व्हिस व तिन्ही हिंदी सभासद, म्हणजे चार. साध्या व्यवहारात चारांचे चालावे. परंतु चारांचे चालले नाही. प्रकरण सरकारकडे गेले. सरकारचे उत्तर १८४८ साली आले, आणि ते इतके मोघम होते की, दोन्ही पक्षांस त्यातून आपापल्या सोयीचा अर्थ काढता यावा. अशा प्रसंगी अर्थ काढण्याचे काम ज्याच्या हाती दप्तर असते त्याचे असते. अध्यक्ष पेरी होते. त्यांनी आपला अर्थ काढला आणि उच्च शिक्षण इंग्रजीतून हे धोरण मुंबई इलाख्यात कायम झाले.

बहुमत एका बाजूस आणि निर्णय दुसऱ्या बाजूस, हा प्रकार आपल्या शैक्षणिक कारभाराच्या इतिहासात पुढे अनेक वेळा दिसतो. त्याची ही पहिली मोठी नोंद.

येथे नानांच्या पक्षाची स्तुती करून थांबणे सोपे आहे, पण ते प्रामाणिकपणाचे होणार नाही. त्या सात जणांत शाळेत नित्य शिकविणारा शिक्षक एकही नव्हता. कुणबी, आगरी, कातकरी, ठाकूर, महार, म्हणजे शहापूर-मुरबाडच्या गावोगावी जे लोक राहतात त्यांच्यापैकी कोणी तेथे असण्याची कल्पनाही त्या काळी कोणास सुचली नसती. नाना जन्माने मुरबाडचे, तरी ते बोलत होते मुंबईच्या पेढीवरून. आणि शिक्षण वरच्या वर्गांतच राहण्याचे कारण केवळ भाषा होती, असेही नाही. जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन केले, त्यात त्यांनी याच वर्मावर बोट ठेवले: सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो, आणि तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर; प्राथमिक शिक्षण मात्र उपाशी. पुढे १९२८ साली डॉ. आंबेडकरांनी अस्पृश्यांच्या शिक्षणाविषयीचे निवेदन सायमन आयोगास सादर केले, तेव्हा त्यांनी या जुन्या बोर्डाचेच अहवाल काढून, वरच्या वर्गांस आधी शिकविण्याचे धोरण सरकारी कागदांत कसे लिहून ठेवले होते, हे दाखवून दिले. झिरपण्याच्या सिद्धांताची ही खरी परीक्षा. ऐंशी वर्षांनंतरही खाली काही झिरपले नव्हते.

१८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. कायद्याची तारीख १८ जुलै. कलकत्ता व मद्रास येथील विद्यापीठेही त्याच वर्षीची. या तिन्ही विद्यापीठांचा नमुना लंडनचा. म्हणजे येथे शिकविणे नव्हते, केवळ परीक्षा घेणे होते. शिकविणारे महाविद्यालयांत, आणि काय शिकवावे ते ठरविणारे सेनेटमध्ये. सेनेटचे सभासद म्हणजे ‘फेलो’. ते निवडून येत नसत, नेमले जात, आणि एकदा नेमले की तहहयात. न्यायाधीश, लष्करी डॉक्टर, पाद्री, सरकारी अंमलदार, व्यापारी अशी ती मंडळी. प्राध्यापक होते, पण ते प्राध्यापक म्हणून नव्हते. सरकारची मर्जी म्हणून होते. पहिल्या फेलोंत मोजके हिंदी गृहस्थ आले, त्यांत जगन्नाथ शंकरशेट व डॉ. भाऊ दाजी हे होते. म्हणजे मुरबाडच्या या गृहस्थास दुसऱ्या मेजाशीही जागा मिळाली.

पहिली प्रवेशपरीक्षा १८५९ साली झाली. १३२ विद्यार्थी बसले व २२ उत्तीर्ण झाले. त्यांत महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघे होते. १८६२ साली विद्यापीठाचे पहिले चार पदवीधर बाहेर पडले, त्यांतही हे दोघे. या आरंभीच्या नियमांत इंग्रजीच्या जोडीला जी दुसरी भाषा घ्यावयाची, तिच्या यादीत ग्रीक, लॅटिन, संस्कृत, अरबी यांच्या बरोबरीने मराठीही होती. हे आज पुष्कळांस ठाऊक नसते. १८४७ साली जी भाषा हरली, ती परीक्षेच्या यादीत का होईना, आत आली होती.

तिचे तेथील वास्तव्य अल्प ठरले. १८६०च्या दशकातच सेनेटने पदवीच्या परीक्षांतून देशी भाषा काढल्या आणि त्यांच्या जागी अभिजात भाषा ठेवल्या. सर अलेक्झांडर ग्रँट हे त्या काळी विद्यापीठातील मोठे वजनदार गृहस्थ, एल्फिन्स्टन महाविद्यालयाचे प्राचार्य, पुढे शिक्षणखात्याचे संचालक व कुलगुरू. ऑक्सफर्डच्या परंपरेत वाढलेल्या या विद्वानास वाटे की, ज्या भाषेत प्राचीन वाङ्मय नाही तिचा अभ्यास म्हणजे पदवीस हलकेपणा आणणे होय. नाना १८६५ साली, ३१ जुलै रोजी वारले. त्यांच्या नावाने विद्यापीठात जी शिष्यवृत्ती ठेवण्यात आली, ती प्रवेशपरीक्षेत संस्कृतात पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्यास. पुढे पिढ्यान्‌पिढ्या हुशार मुले ‘जगन्नाथ शंकरशेट स्कॉलर’ म्हणून मिरवली. चिंतामणराव देशमुख १९१२ साली त्यांपैकीच एक झाले. शिष्यवृत्ती थोर, पण मराठीसाठी भांडलेल्या माणसाचे नाव संस्कृतच्या गुणांस जोडले जावे, यात दैवाचा थोडा विनोद आहे. मराठीच्या प्रश्नपत्रिकेस ते जोडावे म्हटले असते, तरी जोडणार कोठे? पदवीच्या परीक्षेत ती प्रश्नपत्रिकाच उरली नव्हती.

ती परत आणण्याचे काम रानड्यांनी हाती घेतले. १८६५पासून ते स्वतः फेलो होते. त्यांची रीत भांडणाची नव्हे, पुराव्याची. मराठीत वाङ्मय नाही असे म्हणता ना, तर मोजून पाहू, असे म्हणून त्यांनी छापील पुस्तकांच्या याद्या चाळल्या आणि १८९८ साली मराठी वाङ्मयाच्या वाढीवर इंग्रजीत एक टिपण लिहिले. किती ग्रंथ, कोणत्या विषयांवरील, कोणत्या काळातील, असा तो हिशेब आहे. सेनेटमध्ये त्यांस विरोध झाला, आणि तो केवळ इंग्रजांकडून झाला असे नाही. आपल्यातही मराठीस विद्यापीठात बसविणे म्हणजे पदवीची किंमत उतरविणे, असे मानणारे विद्वान होते. अखेर १९०१ साली एम.ए.च्या परीक्षेत देशी भाषांस वाट मिळाली. रानडे त्या वर्षाच्या जानेवारीतच, १६ तारखेस निवर्तले होते. पस्तीस-चाळीस वर्षे बाहेर उभी असलेली भाषा शेवटी आत आली ती माळ्यावरच्या खिडकीने. तळमजल्याचा दरवाजा तिला अजून बंदच होता.

धोंडो केशव कर्व्यांनी निराळीच वाट काढली. जुन्या सेनेटचे मन वळविण्यात आयुष्य घालविण्यापेक्षा नवे विद्यापीठ आणि त्याचे नवे सेनेटच काढावे, असे त्यांनी ठरविले व १९१६ साली महिला विद्यापीठ सुरू केले. शिक्षण मातृभाषेतून, अभ्यासक्रम स्वतंत्र. त्याची किंमतही त्यांना द्यावी लागली. त्या पदव्यांस कायद्याची मान्यता १९५१ साली मिळाली, म्हणजे पस्तीस वर्षांनी.

इकडे मुंबईत सेनेटच्या घडणीचा प्रश्न चालूच होता. १९०४ साली लॉर्ड कर्झनने विद्यापीठांचा कायदा आणला. तहहयात फेलो गेले, संख्येस शंभराची मर्यादा आली, मुदत पाच वर्षांची झाली, आणि शिकविणाऱ्यांस सेनेटमध्ये पूर्वीपेक्षा अधिक स्थान मिळाले. मात्र बहुसंख्य सभासद कुलपतींनी, म्हणजे गव्हर्नरने, नेमावयाचे ही मेख तशीच राहिली. गोपाळ कृष्ण गोखले स्वतः फर्ग्युसनचे प्राध्यापक होते, तरीही शिक्षकांस जागा देणाऱ्या या कायद्यास त्यांनी कडाडून विरोध केला. कारण उघड आहे: नेमलेला शिक्षक कोणाच्या तोंडाकडे पाहून बोलणार? १९२८च्या मुंबई विद्यापीठ कायद्याने प्रथमच एक ‘ॲकॅडेमिक कौन्सिल’ निर्माण केले. पैसा व इमारती पाहणारे मंडळ निराळे आणि अभ्यास व परीक्षा पाहणारे मंडळ निराळे, असा भेद केला. नानांच्या बोर्डापासून अठ्ठ्याऐंशी वर्षांनी शिकविणाऱ्यांस आपले म्हणावे असे मेज मिळाले.

आजची यंत्रणा या १९२८च्या पायावर उभी आहे. १९७४, १९९४ व २०१६ या सालांचे कायदे तिच्यावर चढलेले मजले. एखाद्या विषयाची प्रश्नपत्रिका बदलावयाची झाल्यास त्या विषयाचे अभ्यास मंडळ प्रथम मसुदा करते. तो विद्याशाखेपुढे जातो, तेथून विद्या परिषदेपुढे. तेथे मंजूर झाला की शिवळे व शहापूर येथे पत्रक निघते. वाट लांब आहे, कंटाळवाणी आहे, आणि तिच्यावर टीका करणारे पुष्कळ आहेत. वर्ष वर्ष लागते, तोवर शास्त्र पुढे गेलेले असते, असे ते म्हणतात. त्यात तथ्य आहे. तथापि प्रत्येक पायरीवर कोणीतरी शिकविणारा माणूस विचारू शकतो की, ही पुस्तके ग्रंथालयात आहेत काय, पंधरा आठवड्यांत हे शिकवून होईल काय, आणि ज्या विद्यार्थ्याने बारावीपर्यंत मराठीतून शिक्षण घेतले त्याला हे उमजेल काय. पायऱ्या कमी केल्या म्हणजे हे प्रश्न विचारणारा माणूसच आधी कमी होतो.

पण पायरी आहे म्हणून माणूस तेथे असतोच, असे नाही. २०१६च्या कायद्याने अभ्यास मंडळांत निवडून येणारे थोडे आणि नेमलेले व स्वीकृत अधिक, अशी रचना केली. नेमणाऱ्याच्या नजरेत जो येतो तो नेमला जातो, आणि नजर स्वाभाविकच जवळच्यांकडे वळते. बैठका मुंबईत, बहुधा कलिन्याला. शहापूरच्या प्राध्यापकास आसनगावहून लोकल मिळते. मुरबाडला तीही नाही. ज्या नाना शंकरशेटांनी या देशात आगगाडी आणण्याच्या खटपटीत पुढाकार घेतला, त्यांच्या गावास आगगाडी अद्याप पोहोचलेली नाही. कल्याणपर्यंत रस्त्याने, तेथून गाडीने, मग पुन्हा रस्त्याने. तीन तासांच्या बैठकीसाठी सबंध दिवस जातो, आणि त्या दिवशीचे तास बुडतात ते निराळेच.

नेहमीची वाट सोडून निर्णय झाला म्हणजे काय होते, याची दोन उदाहरणे अलीकडची आहेत. २०१० साली इंग्रजीच्या अभ्यासक्रमात लावलेली रोहिंटन मिस्त्री यांची ‘सच अ लाँग जर्नी’ ही कादंबरी एका राजकीय पक्षाच्या विद्यार्थी संघटनेने आक्षेप घेताच कुलगुरूंनी आपल्या तातडीच्या अधिकारात वर्षाच्या मध्येच काढून टाकली. कादंबरी चांगली की वाईट, हा येथे प्रश्नच नाही. ज्या शिक्षकांनी ती लावली, त्यांस ती काढताना तिच्याविषयी आधी बोलण्याची संधी मिळाली नाही, हा प्रश्न आहे. आग लागली असता पाणी मारण्यासाठी कायद्याने जो अधिकार दिला, तो एका पुस्तकावर वापरला गेला.

दुसरे उदाहरण २०१७चे. विद्यापीठाच्या सर्व परीक्षांच्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासावयाच्या, असा निर्णय त्या उन्हाळ्यात घाईने अमलात आणण्यात आला. नव्या कायद्यान्वये निवडून यावयाची मंडळे तेव्हा अजून अस्तित्वात आलेली नव्हती. निकाल महिनोन्‌महिने रखडले; पुढील प्रवेश, नोकऱ्या, परदेशची शिक्षणे यांचा घोटाळा झाला; ऑक्टोबरात कुलपतींनी कुलगुरूंस पदावरून दूर केले. शहरातील विद्यार्थ्यास निदान विद्यापीठाच्या दारात जाऊन उभे राहता येत होते. टोकावड्याच्या विद्यार्थ्यास निकालाची चौकशी करणे म्हणजे एक दिवसाची मजुरी व प्रवासाचे भाडे.

शहापूरचे नाव घेताना मला एक गोष्ट नेहमी आठवते. तानसा आणि भातसा हे तलाव याच तालुक्यातले. तानसाचे धरण १८९२चे. त्या पाण्यावर मुंबई वाढली, विद्यापीठाच्या राजाबाई मनोऱ्याखालच्या बागेसही ते पाणी मिळत असेल. आणि तालुक्यातील कित्येक पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. पाणी शहराकडे जाते आणि अभ्यासक्रम शहराकडून येतो. दोन्हींचे नळ एकाच दिशेने उघडण्या-मिटण्याची सोय केलेली आहे.

आता नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आले आहे. २० एप्रिल २०२३ रोजी राज्य शासनाने पदवीची नवी चौकट ठरवून दिली आणि २०२४च्या जूनपासून संलग्न महाविद्यालयांत ती लागू झाली. मुख्य विषय, दुय्यम विषय, खुले ऐच्छिक विषय, कौशल्याचे विषय, भारतीय ज्ञानप्रणाली, अशी ती मांडणी आहे. विद्यार्थ्याने हवे ते निवडावे, हा तिचा गाभा. कल्पना उमदी आहे, यात शंका नाही. परंतु निवड ही विद्यार्थ्याच्या मनात नसते, ती शिक्षकांच्या संख्येत असते. जेथे एका विषयास एखादाच शिक्षक आहे, आणि जागा रिकाम्या राहिल्या की तासिकेवर माणूस आणावा लागतो, तेथे दहा ऐच्छिक विषयांची यादी भिंतीवर लागते आणि वर्गात दोनच उघडतात. चौकट शासनाची, अभ्यास मंडळाच्या हाती राहिले ते तिचे कप्पे भरण्याचे काम. एखाद्या लहान महाविद्यालयातील शिक्षक त्या बैठकीत असता, तर हे त्याने पहिल्या अर्ध्या तासात सांगितले असते.

तथापि याच चौकटीत एक कप्पा असा आहे की, तो मुंबईस भरता येत नाही. तो म्हणजे क्षेत्रप्रकल्प आणि लोकसहभागाचा उपक्रम. विद्यार्थ्याने वर्गाबाहेर जाऊन, आपल्या परिसरात, प्रत्यक्ष पाहून लिहावयाचे. विषय सुचविणारा त्याच महाविद्यालयातील शिक्षक. मुरबाड तालुक्याच्या टोकास वैशाखऱ्याहून नाणेघाटात चढून गेले, तर सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतील शिलालेख दोन हजार वर्षांपासून उभा आहे. त्याची भाषा प्राकृत, आपल्या मराठीची पूर्वज. याच तालुक्यात सिद्धगड आहे, जेथे २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल व हिराजी पाटील यांस वीरमरण आले. शहापुरात माहुली आहे, भातसाच्या पाण्याखाली गेलेल्या शेतांचा इतिहास आहे, कातकऱ्यांच्या वीटभट्टीवरील स्थलांतराचा हिशेब आहे. मराठीस प्राचीन वाङ्मय नाही म्हणून ज्या विद्यापीठाने तिला एकदा बाहेर काढले, त्याच्या क्षेत्रातील या शिलालेखाकडे त्या वेळच्या सेनेटमधील किती जणांनी मान वर करून पाहिले असेल? ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीस अभिजात भाषा म्हणून मान्यता दिली.

शिवळे येथील कोणा विद्यार्थ्याने पुढील हिवाळ्यात नाणेघाटाचा प्रकल्प घेतला, तर तो त्यास मराठीत लिहिता येईल. त्याचा विषय त्याच्या शिक्षकाने ठरविलेला असेल, आणि गुणही तोच शिक्षक देईल. पाऊस संपला की घाटाची वाट मोकळी होते. लेख वाचावयास सकाळचे ऊन चांगले.